लाकूड खाणाऱ्या माशाचं औषध

आमच्या घरात तो मासा मरायलाच आणला होता.

वास्तू पाहायला आलेल्या गृहस्थांनी वडिलांना तसं स्पष्ट सांगितलं होतं. हॉलच्या ईशान्य कोपऱ्यात काचेची टाकी ठेवायची, तिच्यात आठ सोनेरी मासे आणि एक काळा. सोनेरी मासे घरात बरकत आणतात. काळा मासा घरावर येणारं संकट स्वतःच्या अंगावर घेतो आणि मरतो. तो मेला तर हळहळायचं नाही, दुसरा आणून सोडायचा. "त्याचं काम झालं असं समजायचं," असं ते चहा बशीत ओतता ओतता म्हणाले. संकट कोणतं, हे त्यांना कुणी विचारलं नाही. मी तेव्हा वीस वर्षांची होते, पाहुण्यांपुढे तोंड उघडत नव्हते, आणि आतल्या खोलीच्या दाराआडून हे सगळं ऐकत होते.

चिखलीत वडिलांचं बियाण्यांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान आहे. मालासाठी ते खामगावला जातात, तिथूनच मासे आणले. आठ सोनेरी मिळाले, काळा मात्र संपला होता. मासेवाल्याने नववा म्हणून बोटाएवढा एक काळपट, पट्ट्यापट्ट्यांचा मासा पिशवीत टाकून दिला. हा सकर आहे, काच चाटतो, टाकी साफ ठेवतो, असं सांगितलं. वडिलांना नऊ पूर्ण व्हायला हवे होते, बाकी काही त्यांनी विचारलं नाही.

पहिल्या वर्षात सोनेरी मासे एकेक करून मेले. का मेले ते आता मला माहीत आहे. आमच्याकडे नळ आठवड्याने येतो, पाण्याला ब्लीचिंग पावडरचा वास असतो, आणि ते पाणी आम्ही तसंच टाकीत ओतत होतो. तेव्हा मात्र प्रत्येक मेलेल्या माशामागे एक संकट शोधलं जायचं. वडिलांची मोटरसायकल घसरली आणि फक्त कोपर खरचटलं, तो एक मासा. आईचा ताप उतरला, तो दुसरा. वडिलांनी दोनदा नवे आणले, मग त्यांनाही कंटाळा आला. काळा तेवढा राहिला. ज्याने मरायचं होतं तोच जगला आणि वाढत गेला.

"याले याचं काम कोणी सांगतलंच नाई वाटते," आई म्हणाली.

तो लाकूड खातो हे आम्हाला ताकाच्या रवीमुळे कळलं. टाकीच्या तळाचा गाळ ढवळून काढायला आई एक जुनी, मोडकी रवी वापरायची. एकदा ती पाण्यातच विसरली. दुसऱ्या दिवशी काढली तर रवीच्या कडा गोल झाल्या होत्या, कुणी रंधा मारावा तशा. त्या संध्याकाळी टीव्ही बंद केल्यावर आम्हाला आवाजही ऐकू आला. खर्र, खर्र, मध्ये थांबून पुन्हा खर्र. किसणीवर सुकं खोबरं किसावं तसा. आई पदराला हात पुसत आली आणि टाकीपुढे बसली.

"हा मासा हाये का सुतार?"

मी त्याचा फोटो काढून मासे पाळणाऱ्यांच्या एका इंग्रजी संकेतस्थळावर टाकला. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं तिथे असतात. तासाभरात उत्तरं आली. हा साधा सकर नाही, दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधला मोठा मासा आहे, पाण्यात पडलेली झाडं खरवडून खातो, हातभर वाढतो, वीस-वीस वर्षं जगतो. तुमच्याकडे तो कसा आला, असं एकाने विचारलं. मी मोठं उत्तर लिहिलं. तिथे मी भरपूर बोलते. लोक मला प्रश्न विचारतात आणि मी त्यांना सल्लेही देते. घरात हे कुणाला माहीत नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नाही.

त्या वर्षी वडिलांनी मोठी टाकी आणली, साडेचार फुटांची, पाणी गाळणाऱ्या पंपासकट. माझ्यासाठी नव्हे. "लाकूड खाणारा मासा" पाहायला दुकानातली गिऱ्हाइकं घरी यायला लागली होती, आणि लहान टाकीत तो बरा दिसत नव्हता. "फॉरेनचा हाये," ते सांगायचे. उंद्रीहून मामा आला की त्याचा विनोद ठरलेला असायचा.

"लाकूड खाते, त्यात काय मोठं भाऊजी? आमच्या घरची वाळवीबी लाकूडच खाते. तिलेबी काचीत ठेवा अन दाखवा लोकाइले."

पण लाकूड मामाच्याच शेतातून यायचं. आमच्याकडे पेरूला जाम म्हणतात. जामाचं वाळलेलं लाकूड या माशाला चालतं, असं मला त्या संकेतस्थळावरून कळलं होतं. मामा मनगटाएवढे तुकडे पिशवीत घालून एसटीने पाठवायचा. आई त्यांची साल सोलायची, जुन्या पातेल्यात ते तासभर उकळायची, मग बादलीत दगडाखाली दाबून ठेवायची. लाकूड पाण्यात बुडायला दोन-तीन आठवडे लागतात. ते बुडलं की आई मला हाक मारायची. "शिजला व त्याचा भात." नंतर टाकीच्या तळाशी भुशाचा थर साचायचा, तो नळीने ओढून काढणं हे माझं काम. "जेवढं खाते तेवढंच हागते," असं आई म्हणायची आणि ते पाणी कढीपत्त्याला घालायची. कढीपत्ता इतका माजला की शेजारच्या बायका मागून न्यायच्या.

मला तो का आवडायचा, हे नीट सांगता येत नाही. दिवसभर तो लाकडाखाली असायचा. मी टाकीजवळ बसले की एक डोळा तेवढा फिरवायचा, बाहेर यायचा नाही. कुणी आलं की आत. मी त्याला कधी खेळवलं नाही, त्यानेही मला ओळखल्यासारखं केलं नाही. पाच वर्षांत तो माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत झाला. अंगावर बारीक फिकट रेघा, डोळे विटकरी. त्याच्यासमोर बसून मी ऑनलाइन कामं करायचे, इंग्रजी मजकूर तपासून द्यायचे. तो खरवडत असायचा. कुणी कुणाला काही विचारायचं नाही.

माझ्या बोलण्याविषयी इथेच सांगितलेलं बरं. आमच्या शाळेत मराठी बोलणाऱ्याच्या गळ्यात लाकडाची पट्टी अडकवायचे. "मी इंग्रजीत बोलेन" असं तिच्यावर इंग्रजीत लिहिलेलं होतं. पुढचं कुणी मराठी बोलताना सापडलं की पट्टी त्याच्याकडे जायची. शाळा सुटताना ज्याच्याकडे ती असेल, त्याने दुसऱ्या दिवशी उभं राहायचं. पहिलीत दोनदा ती माझ्या गळ्यात आली. तिसऱ्यांदा आली नाही, कारण मी बोलणंच सोडलं. इंग्रजी येत नव्हतं आणि मराठी चालत नव्हतं. पुढे इंग्रजी चांगलं आलं, पण गप्प राहायची सवय त्याच्या आधी लागली होती. वडील अजून अभिमानाने सांगतात की मुलीला शाळेने किती शिस्त लावली.

आई सातवी शिकली, जिल्हा परिषदेच्या शाळेत. तिला इंग्रजी अक्षरं येतात, शब्द येत नाहीत. ती मोबाइल वापरायला लागली तेव्हा मी तिला इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायला शिकवलं, कारण मला स्वतःला तसंच लिहिता येत होतं. देवनागरीत लिहायला मला वेळ लागायचा, जोडाक्षरं चुकायची, लाज वाटायची. आई एकेक अक्षर लावून वाचायची. मी घाईत अर्धी अक्षरं गाळायचे. तीही तिने समजून घेतली. "तुह्या लिहिण्यात अक्षरं उपाशी असते," असं म्हणायची, पण अर्थ बरोबर लावायची. मासा घरात यायच्या आधी कॉलेजसाठी मी बुलडाण्याला खोली करून राहिले, ती तीन वर्षं आम्ही अशीच बोललो. जेवली का. हो. औषध घेतलं का. हो. आईच्या तोंडी औषध म्हणजे अवशिद. ती तसंच लिहायची.

मी तेवीस पूर्ण केली आणि पाहुणे यायला लागले. टाकी हॉलमध्येच असल्यामुळे सोफ्यावर बसलेल्या लोकांना पाहायला दोन गोष्टी होत्या, मी आणि मासा. बहुतेकांना मासा जास्त आवडायचा. एकदा मेहकरकडचे लोक आले होते. मुलाच्या आईने मला तीन-चार प्रश्न विचारले. मी मान हलवली, एका प्रश्नाला "हो" म्हणाले. मग सगळे गप्प झाले आणि त्या शांततेत टाकीतून आवाज यायला लागला. खर्र, खर्र.

"उंदीर झाले काय व घरात?" त्या बाईंनी आईला विचारलं.

"नाई जी, मासा जेवून राह्यला," आई म्हणाली.

त्या हसल्या. मग वडिलांकडे वळून त्यांनी विचारलं, "पोरीले बोलता येते ना पण?"

"इंग्लिश मीडियम हाये," वडील म्हणाले. जणू ते उत्तरच होतं.

आठ दिवसांनी निरोप आला की पोरगी घुमी आहे. घुमी म्हणजे जी तोंडाने बोलत नाही आणि मनात काय काय ठेवते ती. वडिलांनी हे मला सांगितलं नाही. आईला सांगितलं, पण मोठ्याने, म्हणजे मलाच. शेवटी टाकीकडे पाहून म्हणाले, "पाच वर्षं झाले, हा कडू काई मरत नाई अन हिचं काई जमत नाई."

आमच्याकडे कडू ही शिवी आहे. ती माशाला दिलेली होती की मला, ते मी ठरवलं नाही.

गेल्या वर्षी पुण्यातल्या एका कंपनीने मला दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला बोलावलं. त्यात निभावले तर नोकरी, आणि नोकरी पुण्यातच. मुलाखत लेखी होती, म्हणूनच मी तिथवर पोचले होते. जायचं की नाही हे मी आठ दिवस कुणाला सांगितलं नाही. खरं म्हणजे अडचण एकच होती. माशाला साडेचार फुटांच्या टाकीसकट पुण्याच्या खोलीत नेणं शक्य नव्हतं. आणि मागे ठेवला तर त्याचं काय? वडिलांनी तोडगा आधीच काढून ठेवला होता.

"धरणात सोडून दे. तिथं लाकडंच लाकडं हायेत."

धरणात सोडलं तर तो मरेल, आणि नाही मेला तर तिथले मासे संपवेल, एवढं मी बोलले. माझ्यासाठी ते पुष्कळ बोलणं होतं.

"म्या पाह्यते त्याले," आई म्हणाली. "पाच वर्षं लाकूड कोण शिजवून राह्यलं? जाय तू."

मी मनाशी ठरवलं की हे दहा दिवस हीच परीक्षा. आईच्या हाताखाली तो नीट राहिला तर नोकरी घ्यायची. नाही राहिला तर परत यायचं आणि पुन्हा सोफ्यासमोर बसायचं. हे मी आईला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने माझं जाणं सोपं व्हावं म्हणून आणखी जपलं असतं, असं तेव्हा वाटलं. आता वाटतं की तिला ते न सांगताच कळलं होतं. म्हणूनच तिने एवढं केलं.

निघायच्या दिवशी एसटी सकाळची होती. सगळं तोंडी सांगायला वेळ होता, निदान अर्धा तास. पण बोलण्यापेक्षा लिहिणं मला बरं वाटतं. मी एक कागद टाकीखालच्या कपाटाला चिकटवला. इंग्रजी संकेतस्थळावर मी जशी यादी लिहिते तशीच यादी, तिथलेच शब्द, मोठ्या अक्षरांत. आईला अक्षरं लावता यावीत म्हणून मोठी. वर फूड, त्यापुढे काकडी, दोडका, रताळं. मग लाइट, किती तास. मग वॉटर, किती बादल्या. आणि खाली अव्हॉइड, त्यापुढे नीम, बाभूळ आणि चीड, म्हणजे पाइनचं झाड. कुठली लाकडं या माशाला विषारी असतात याची ती ओळ होती. पहिले तीन शब्द आईला माहीत होते. चौथा माहीत नसेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. तिला वाचून दाखवावं, हेही नाही.

आईने कागदावरून हात फिरवला. "तुह्यं इंग्रजी म्या वाचीन आता," असं हसून म्हणाली.

पुण्यात प्रशिक्षणाच्या वेळी मोबाइल बाहेर कपाटात ठेवावे लागायचे. चौथ्या दिवशी दुपारच्या सुटीत आईचा निरोप दिसला. मासा दोन दिवस काही खात नाही, दोडका तसाच पडला आहे, लाकडाचा आवाजही नाही. मला ठाऊक होतं की असं होतं. हे मासे कधीकधी चार-पाच दिवस खात नाहीत, त्यात काळजीचं काही नसतं. तेवढं लिहिणं पुरेसं होतं. पण सुटी संपत आली होती, बाजूच्या मुली जेवायला बोलावत होत्या, आणि माझ्याशी कुणी आपणहून बोलत होतं याचंच मला अप्रूप वाटत होतं. मी अर्धी अक्षरं गाळून लिहिलं, कागदावर बघ, सगळं लिहिलंय.

आईने कागदावर पाहिलं.

पुढचं मी परत आल्यावर तिच्याकडून ऐकलं, आणि तिने ते मला कौतुकाची गोष्ट सांगावी तसंच सांगितलं. निदान सुरुवात तरी तशीच होती. तिने खालची ओळ लावली. ए, व्ही, ओ, आय, डी. अ-वो-इ-द. अवशिद. मध्ये एक-दोन अक्षरं नव्हती, पण माझ्या लिहिण्यात ती कधी असतात? त्यापुढे नीम. बरोबरच होतं. कडुलिंबाशिवाय दुसरं औषध कोणतं असणार? गोवर आला की लिंबाचा पाला, अंगाला खाज सुटली की लिंबाच्या पाण्याची आंघोळ, धान्यात किडे झाले की लिंबाचा पाला, पाडव्याला सगळ्यांच्या तोंडात लिंब. बाभूळही तिने लावली, तिचंही दातवण असतं. तिसरं झाड कोणतं ते तिला कळलं नाही. ते आपल्याकडे मिळत नसेल म्हणून सोडून दिलं. लिंब तर गल्लीच्या तोंडालाच होता.

तिने मनगटाएवढी ओली फांदी तोडून आणवली. साल सोलली. जामाचं लाकूड ती नेहमी उकळायची, हे उकळलं नाही.

"उकयलं तं अवशिदाचा गुण जाईन ना," ती मला म्हणाली.

फांदीला दगड बांधून तिने ती तळाशी ठेवली आणि वरून मूठभर पाला चुरून टाकला. पहिल्या दिवशी मासा बाहेर आला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला आवाज आला. खर्र, खर्र. चार दिवसांनी पहिल्यांदा. ती हातातलं काम टाकून टाकीपुढे जाऊन बसली. दुपारभर तो त्या फांदीला चिकटून होता.

"इतक्या आवडीनं खात होता व माय. म्या म्हटलं, लागू पडलं."

तिसऱ्या दिवशी तो उलटा झाला होता. तोंड उघडं, पोट वर. तिने त्याला हाताने सरळ केलं, तो पुन्हा उलटा झाला. वडिलांना दुकानातून बोलावलं. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "गेला." मला कळवायचं नाही, असंही त्यांनीच ठरवलं. प्रशिक्षणाचे अजून तीन दिवस बाकी होते.

इथे मला वडिलांविषयी एक गोष्ट लिहायची आहे, मग पुढे जाते. माझे वडील निंबोळी अर्क विकतात. वर्षानुवर्षं विकतात. किडे त्याने का मरतात, हे ते शेतकऱ्यांना काउंटरवर समजावून सांगतात. त्यांच्या दुकानातल्या कितीतरी बाटल्यांवर बारीक इंग्रजीत छापलेलं असतं की तळ्यात, ओढ्यात सांडू देऊ नका, मासे मरतात. ते इंग्रजी त्यांना वाचता येतं. माझा कागद त्यांच्या खुर्चीपासून चार हातांवर सहा दिवस चिकटलेला होता. पाण्यात पाला तरंगत होता, पाणी पिवळं झालं होतं, घरात लिंबाचा वास सुटला होता. त्यांनी कागदही वाचला नाही आणि पाण्याकडेही पाहिलं नाही. मासा पाहुण्यांना दाखवायचा असला तरच ते टाकीकडे पाहायचे.

प्रशिक्षण संपवून मी घरी आले तेव्हा टाकीतलं पाणी उपसलेलं होतं. फांदी अंगणात पडली होती, तिच्यावर त्याच्या दातांच्या रेघा होत्या, ओळीने, एकसारख्या. मासा आईने जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून कढीपत्त्याखाली पुरला होता. वडील सोफ्यावर होते.

"काय झालं मंग पुण्याले?" त्यांनी विचारलं.

"मिळाली नोकरी."

त्यांनी रिकाम्या टाकीकडे बोट केलं. "पाय बरं. तो गेला अन तुह्यं काम झालं. त्या वास्तूवाल्या गुरुजीनं सांगतलंच होतं. संकट घेऊन गेला तो."

मामाचा फोन आला, तोही तेच म्हणाला. शेजारच्या काकू म्हणाल्या, काळा मासा होता ना, मग बरोबर आहे. सगळ्यांना एकदम बरं वाटत होतं. उशिरा का होईना, त्याने आपलं काम केलं होतं. संकट म्हणजे मी घरात असणं, हे त्यातल्या कुणाला उघड म्हणायचं नव्हतं. मीही ते सुचवलं नाही.

आई मात्र बरी नव्हती. स्वयंपाकघरात ती माझ्या मागेमागे फिरत होती आणि मला सगळं सांगत होती, फांदी कशी सोलली, पाला किती टाकला, कुठे कमी पडलं असेल. "म्या उशीर केला का व? आधीच द्याले पाह्यजे होतं का अवशिद? तू तं लिहून ठेवलं होतं."

"कुठे लिहून ठेवलं होतं?" मी विचारलं. मला खरंच कळलं नव्हतं.

तिने माझा हात धरून मला टाकीपाशी नेलं. कागद अजून तिथेच होता, एक कोपरा ओला होऊन सुटलेला. तिने शेवटच्या ओळीखाली बोट ठेवलं आणि एकेक अक्षर लावून मला वाचून दाखवलं.

मी ते अक्षर न् अक्षर ऐकलं. तिला सांगायचं तर तेव्हाच सांगता आलं असतं. ती चूक तिची नव्हती, माझी होती, हेही तेव्हाच सांगता आलं असतं. पण ते सांगायचं तर आधी त्या शब्दाचा अर्थ सांगावा लागला असता. आणि तो कळल्यावर दुपारभर ऐकलेला तो आवाज तिला पुन्हा ऐकावा लागला असता. मी म्हणाले, "तू बरोबर केलंस. त्याचं वय झालं होतं." तो मासा वीस वर्षं जगतो, हे मीच तिला पूर्वी सांगितलं होतं. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि कागदाचा सुटलेला कोपरा बोटाने दाबून बसवला. मी कागद काढला, घडी घालून पर्समध्ये ठेवला. मी घुमी नव्हतेच, असं आता मला म्हणता येणार नाही.

महिन्याभरात मी पुण्याला आले. त्या संकेतस्थळावर मी पुन्हा गेले नाही. कडुलिंबाविषयी तिथे कुणी विचारलं तर लोक माझं जुनं उत्तर दाखवतात, असं तिथल्या एकाने मला मेलवर कळवलं. ते उत्तर बरोबर आहे.

आणखी चार महिन्यांनी आईचा रक्तदाब वाढला. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, ती वाचून मेडिकलवाल्याने तिला सांगितलं, "मीठ, लोणचं, पापड बंद करा मावशी, लिहिलं हाये इथं." तिने कुठे लिहिलं आहे ते विचारलं असावं. त्या संध्याकाळी मला मोबाइलवर त्या चिठ्ठीचा फोटो आला. गोळ्यांच्या नावांखाली डॉक्टरांनी मोठ्या अक्षरांत एक शब्द लिहिला होता आणि त्यापुढे मीठ, लोणचं, पापड, सगळं इंग्रजीत. त्या शब्दाखाली आईने पेनाने रेघ ओढली होती. खाली तिने विचारलं होतं, हा तोच शब्द आहे का.

मी वाचलं हे तिला तिकडे दिसलं असणार. मी उत्तर लिहिलं नाही. "हो" लिहायचं की "नाही", यात रात्र गेली, आणि सकाळी कामावर जायची वेळ झाली.

दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. तब्येतीचं झालं, नळाचं झालं, कढीपत्ता अजून माजला आहे हे झालं.

"एक सांग मले," ती म्हणाली. "लिंब इतका कडू. मंग त्यानं खाल्ला काऊन? कडू लागला नसीन का त्याले?"

"माहीत नाही, आई," मी म्हणाले. ते खरंच मला माहीत नव्हतं.

"हं."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. तिने गॅस बारीक केला असावा, आवाज उतरला.

"मीठ बंद केलं म्या," ती म्हणाली. "अळणी लागते भाजी. पण लिहून देलं हाये, तं खाते."